लाइट गेल्यावर

टेबल पहिल्यापासून तिरकं, सगुण.
पणजीतलं एक हॉटेल बंद पडलं तेव्हा मी ते
मासळीच्या टेम्पोतून वेंगुर्ल्याला आणलं.
हिरव्या कापडाला महिनाभर बांगड्यांचा वास होता.
पाया खाडीकडे किंचित खचलेला,
लेव्हल लावून लावून गवंडी थकला.
तू आलास, एक बॉल मधोमध ठेवलास,
हात काढून घेतलास
आणि तो जाईल तिथवर बघत राहिलास.
"खाडयेक जाता," म्हणालास. "बरा आसा. घरची वाट वळाखता."
त्यानंतर कोणी टेबलाला नावं ठेवली नाहीत.

बर्फाच्या कारखान्यातून साडेसहाला सुटायचास.
आल्या आल्या चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरायचास,
प्यायचा नाहीस बराच वेळ.
डाव्या हाताची दोन बोटं क्रशरने नेलेली,
उरलेल्या तिघांवर काठी टेकायची आणि हलायची नाही.
शिकाऊ पोरं तुझं बघून दोन बोटं मुडपून खेळू लागली.
अजून तशीच खेळतात.
बाहेरगावचे विचारतात, ही कुठली पद्धत?

निळा खडू शर्टाच्या खिशात.
प्रमिला एकदा दारात येऊन भांडून गेली,
म्हणाली, ह्यांचे एकूण एक शर्ट छातीशी निळे,
धुवायचे कोणी?

जिंकायचास म्हणावं तर तसंही नाही.
काळा बॉल पडायला आला की तुला
नळाचं पाणी आठवायचं, गॅसचा नंबर आठवायचा,
आणि दहावी नापास झालेला दिगू जिंकायचा.
मला कळायचं.
दिगूला कळायला अकरा वर्षं लागली.
कळलं तेव्हा तो मस्कतहून फोनवर होता,
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.

आणि लाइट जायची.
सगळे हात वर, टेबलाला शिवायचं नाही, हा नियम.
काळोखात तुझा आवाज:
"पिवळो खिडकीकडच्या भोकापासून चार बोटां.
काळो मधी. लाल त्येच्या पाठी लिपलेलो.
पांढरो... पांढरो माझ्याकडे बघता हा."
लाइट आली की सगळं तसंच.
इस्माईल होडेकर एकदा पट्टी घेऊन मोजायला बसला,
एक बोट चुकलं होतं.
"बोटांचो हिशोब माका नको इचारू," म्हणालास,
आणि इस्माईल हसता हसता
बाहेर जाऊन डोळे पुसून आला.

मंगळवारी तू आला नाहीस.
चहा सांगून झालेला होता.

मुलगा पुण्याहून येईस्तोवर तुला बर्फावर ठेवलं,
तूच शनिवारी पाडलेल्या लाद्यांवर.
नेलं तेव्हा ट्रॉलर लागायची वेळ.
कारखान्याच्या दारात माणसं बर्फासाठी खोळंबलेली,
द्यायला आत कोणी नाही.
मग तीही चपला काढून आमच्यामागे चालू लागली.

बाराव्यानंतर प्रमिलाने बिस्किटांचा डबा पाठवला.
आत सतरा खडू, सगळे अर्धे झिजलेले.
म्हणजे चोर तूच होतास.
माझ्या वहीत तुझ्याकडून एकशे चाळीस येणं आहे.
खोडलं नाही.
खोडलं तर पान उलटावं लागेल.

काल परत लाइट गेली.
हात वर झाले. कोणी बोलेना.
जेट्टीला एक होडी आपटत होती, भरती असावी.
मग कोपऱ्यातून एक पोर,
ज्याने तुला दोनदाच बघितलं असेल,
हळूच म्हणालं,
"पिवळो... खिडकीकडच्या भोकापासून..."
चूक. पिवळा केव्हाच पडला होता.
कोणी त्याला अडवलं नाही.
काळा सांगितला, लाल सांगितला,
आणि पांढऱ्याशी येऊन
तो आपणच थांबला.