काट्याची खिडकी

भंगाळेअप्पांनी चौऱ्याण्णवला लिहिलेला
डाळमिलच्या काट्याचा प्रोग्राम
अजून क्विंटलच बोलतो.
बिलिंगला किलोच कळतात,
गोडाऊन पोती मोजतं
आणि पुण्याचं ऑफिस
कुणाचंच ऐकत नाही.

"पाडणार ना आता हे?"
मॉनिटरची धूळ बाहीनं पुसत अप्पा.

भिंत नाही पाडायची, अप्पा,
भिंतीला खिडकी पाडायची.
मागेल त्याला तेवढंच द्यायचं;
आत कोण कसं राबतं
ते कुणी विचारायचं नाही.

पहिल्याच दिवशी एक शून्य जास्त पडलं,
एका ट्रकची तूर दहा ट्रक झाली.
"राहू दे भो, शेठ खूश होईन."

आज जळगावात पंचेचाळीस अंश.
काटा बोलला, बिल फाटलं,
पुण्याला कळलं.

अप्पांनी तरी वहीत लिहिलं:
तूर, एकशे बारा क्विंटल.
खिडकी अडकली तर.