बुडखा

बर्फाचा टेम्पो पहिल्यांदा बेड्यातून आत घेतला
आणि मागचं उजवं चाक दणकलं.
एक लादी फुटली.

उंडण तोडली तेव्हा मी सहावीत.
खोड होडीच्या वांकांसाठी गेलं,
बुडख्यावर चार घमेली तांबडी माती.
"कुजेल आपोआप," बाबा म्हणाले.
आमच्या घरात पुष्कळ गोष्टींना हेच उत्तर होतं.

इब्राहिम पावसकर जेसीबी घेऊन
पाखाडीच्या तोंडापर्यंत आला.
"गडगा पाडतोस तर येतो," म्हणाला, आणि गेला.
मग पहार. मग टिकाव. मग मेहुणा.
मेहुणा दुपारपर्यंत.

कुजलं काहीच नव्हतं.
एक मूळ विहिरीकडे निघालेलं,
एक गडग्याखालून तोडणकरांच्या परसात,
पंचवीस वर्षं भाडं न देता.
फोडलं तिथे लाकूड लाल, ओलं.

चौथ्या दिवशी टेम्पोच्याच जॅकवर
करकरत वर आला,
कोंबडीसारखे पाय आभाळाकडे करून.
आणि खालच्या बेचक्यात रुतलेलं
बोटभर लोखंड.

मागीलदारी एक बोथट पहार आहे.
तिच्यावर नारळ सोलताना
आई माझ्या आठवणीपासून करवादते.
तिचं टोक हे.

बाबा पडवीतून उतरले.
लोखंड धोतराला पुसलं.
"तीन रात्री खणत होतो," म्हणाले,
"तुम्ही निजल्यावर."
आणि ते घेऊन आत गेले.

खड्डा चिऱ्यांच्या कपच्यांनी बुजवला,
वर चोपण फिरवलं. वाट सपाट.
तरी तिथे आलं की
माझा पाय ब्रेकवर जातो.