खांब एकशे बारा ते एकशे साठ

कारूच्या माळावर मिएटा वितबोई
दर तीन महिन्यांनी तारेखालून चालते.
हातात काठी, खिशात कडक टोस्ट,
वहीत रकाने : पक्षी, खांब, किती जुना.
किती जुना, हे तिला मुंग्या सांगतात.

आज एकशे एकोणतीसपाशी
माळढोकाच्या कुळातला एक.
मान मोडलेली,
एक पंख मात्र नीट मिटलेला,
घडी घातल्यासारखा.

उडताना तो खाली बघतो म्हणे :
टोळ कुठे, हिरवं कुठे, सोबती कुठे.
समोर बघायची
त्याच्या पणज्यालाही गरज पडली नव्हती.
आभाळात काय आडवं येणार?

मिएटा कात्रीनं पिसांची टोकं कापते,
म्हणजे पुढच्या खेपेला
हाच मेलेला पुन्हा मरायचा नाही.
टाळूत तारेची गुणगुण.
वारा पडला तरी ती पडत नाही.

एकशे एकेचाळीसवर गरुडाचं घरटं,
बैलगाडीच्या चाकाएवढं.
मैलोन्मैल झाड नाही,
या लोखंडावर नाही तर कुठे बांधायचं त्यानं?
पिल्लू वरून तिला न्याहाळतं,
जणू तीच मोजायची आहे.
घरट्याला वहीत रकाना नाही.
ती समासात लिहिते : पिल्लू एक. भुकेलं.

रात्री ती बटण दाबते.
त्यांच्या ओळीत वीज गेल्याच वर्षी आली.
किटली हळूहळू गुणगुणू लागते,
तोच सूर.
नातू विचारतो, ‘आज किती?’

‘साखर दे,’ ती म्हणते.