तिसरी पाळी, हळू आवाजात

ड्रमचा सेट गाडीतच राहिला.
पिल्वी म्हणाली, तौनो, आत फक्त एक स्नेअर आण
आणि ते ब्रश.
स्वयंपाकघरातले नव्हे, तुझे.

टाम्पेरेपासून तासाभरावर, तळ्याकाठी,
एस्कोच्या मेहुण्याचं लाकडी घर.
फेब्रुवारी. तळं इतकं घट्ट गोठलेलं
की त्यावरून कुणीतरी ट्रॅक्टर नेतंय.
त्याची घरघर थांबेपर्यंत आम्ही कॉफी पितो.
चौथा कप.
पूर्वी आम्ही कुणासाठी थांबत नसू.
पूर्वी ट्रॅक्टर थांबला असता.

कंपनीला जुनी गाणी हवी आहेत, पण साधी.
वीज नको, किंचाळणं नको.
एस्कोच्या हातात नुसती लाकडाची गिटार
आणि दोन्ही कानांत वाटाण्याएवढी यंत्रं,
मधूनच शीळ घालणारी.
काळी पाचची गाणी वेइक्कोनं पांढरी पाचवर आणलीत,
तरी वरच्या जागेला तो जिना चढल्यासारखा
कठडा शोधतो.

ओलावीला जाऊन सहा वर्षं झाली.
बेस कोण वाजवणार, यावर आम्ही बोललोच नाही.
खुर्च्या मांडताना एस्कोनं चार मांडल्या
आणि मग चौथीवर आपला कोट टाकला.

साधं म्हणजे काय, मला विचाराल तर
ज्याचं काम आवाज करणं
त्याला सांगायचं, करू नकोस.
उजवा खांदा, डावा गुडघा, पहिलं लग्न,
मी काय काय घातलं या आवाजात.

दुपारी 'तिसरी पाळी' घेतलं.
आमचं सगळ्यांत मोठं गाणं,
बेंबीच्या देठापासून ओरडायचं.
लष्करातून सुटलेली पोरं, उन्हाळी नाचाचे मंडप,
हॉकीच्या मैदानावर दहा हजार घसे,
सगळे धृपद ओरडायचे.
धृपदाआधी कडवी असतात
हे कुणाच्या ध्यानात नसायचं. माझ्या तर नाहीच.
माझ्या डोक्याशेजारी दोन झांजा होत्या.

वेइक्कोनं चष्मा लावला. कागदाकडे पाहिलं नाही.
तिसरं कडवं:

गिरणीत माग इतके धडधडतात
की आई ओठांनी बोलायला शिकली.
घरी आली तरी आवाज लावत नाही.
टेबलापाशी ती माझं नाव घेते ओठांनी,
आणि मी, तिच्याकडे पाठ करून बसलेला,
ऐकत नाही.

एवढंच. मग धृपद.

ब्रश माझ्या हातात, हवेत.
हजारदा तरी वाजवलं असेल हे गाणं.
दर वेळी नेमका इथे, 'ओठांनी'वर,
मी तो मोठा फेर टाकायचो,
चारही ढोल, डावीकडून उजवीकडे,
आणि लोक उड्या मारायचे.

त्याची आई मला ठाऊक होती.
कार्यक्रमाला यायची. पुढे नाही, कडेला,
कपाटाएवढ्या स्पीकरवर तळहात टेकून उभी.
आम्हाला वाटायचं, म्हातारी तोल सावरतेय.

पिल्वीनं हेडफोन एका कानावरून सरकवला.
तौनो, तू आत आलाच नाहीस.
ऐकत होतो, मी म्हणालो.
वेइक्को चष्मा पुसत राहिला,
पुसलेलाच पुन्हा.
आमच्याकडे याला गप्पा म्हणतात.

दुसऱ्यांदा घेतलं. या खेपेला वाजवलं, थोडंसं,
तारांचा ब्रश एकदाच कातड्यावरून,
तोही अर्धी मात्रा उशिरा,
वर खुर्ची करकरली.
मी म्हणालो, खोडून टाक.
वेइक्को म्हणाला, राहू दे.

तेवढ्यात ट्रॅक्टर परत आला.
पिल्वी दार उघडून बाहेर गेली, बर्फात, मोज्यांवरच,
हातवारे करून काही सांगू लागली,
आणि तो माणूस तिकडे लांब, तळ्याच्या मधोमध,
इंजिन बंद न करता
हो हो म्हणून मान हलवत होता.