सूतभर

शिये फाट्यावर उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा नव्हता.
टेम्पोत पुढं बसलेलो मी, मांडीवर कास्टिंगची चलनं.
गुडघा डॅशबोर्डवर आदळला
आणि खुब्यातला गोळा उखळीतून मागं निसटला.
पाय आत वळला, आखूड झाला,
दुसऱ्याच कुणाचा तरी असल्यासारखा.

कॅज्युअल्टीत सगळे घड्याळ बघत होते.
सहा तासांच्या आत बसवला पाहिजे,
गोळ्याला रक्त नेणाऱ्या नळ्या दोऱ्याएवढ्या असतात.
भुलीनंतरचं मला ठाऊक नाही.
शौकत वॉर्डबॉयनं सांगितलं:
शिरगुप्पे डॉक्टर चपला काढून टेबलावर चढले,
गुडघा वाकवून वर ओढला, मी कंबर दाबून धरलेली,
आणि खट्!
मामा, दारातली सिस्टरसुद्धा वळून बघाय लागली.

ओळखतो मी तो आवाज.
बेअरिंग घरात बसलं की तसाच येतो.
तीस वर्षं उद्यमनगरात, एकाच लेथवर.

पण उखळीची मागची भिंत फुटली होती.
आदल्या रात्री मी विचारलं,
प्लेट कशाची? आटे किती बारीक?
डॉक्टर हसले नाहीत. केसपेपर उलटा करून
चित्र काढलं: ही भिंत, ही पट्टी, हे सहा स्क्रू,
आणि इथनं जाते ती नस, बोटाएवढी जाड.
हिला दुखापत झाली तर पाऊल लुळं पडतं.
पट्टी तयारच वाकवलेली येते?
नाही, म्हणाले, हाडाला लावून बघायची,
पुन्हा वाकवायची, पुन्हा लावायची.
तेवढ्यावर मला झोप लागली.
मालन मात्र संमतीचा कागद पुन्हापुन्हा वाचत बसली,
सही करून झाल्यावरही.

कमरेत सुई. पाय माझे राहिले नाहीत,
कान राहिले.
ड्रिल हाडात शिरताना एक सूर लावतं,
पार झालं की दुसरा.
हिरव्या कापडाअलीकडं मी मोजत होतो.
चार. पाच. सहा.
मग सातवा.

डॉक्टर, सहा म्हणाला होता.
पलीकडं क्षणभर सगळं थांबलं.
एक तुकडा सुटा निघाला, ते म्हणाले,
तुम्ही गप पडा बघू.

आता डावा पाय सूतभर कमी आहे.
त्यांच्या मोजपट्टीत येत नाही, मला कळतं.
चपलेखाली रबराची शिम चिकटवलीय.
पावलाचा अंगठा वर उचलतो,
रोज सकाळी उठायच्या आधी उचलून बघतो.

गोळ्याचं अजून नक्की नाही.
दोन वर्षं वाट बघायची म्हणे,
रक्त पोचलं नसेल तर आतल्या आत मरतो,
फिल्मवर पांढरा पडतो.
दर सहा महिन्यांनी शिरगुप्पे ती उजेडाला धरतात
आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघतो.
परवा म्हणाले, करडा आहे.

भाच्यानं लेथपाशी स्टूल आणून ठेवलंय.
त्याचा एक पाय डुगडुगतो.
आधी तो बघतो.