वॉर्निश

फ्रेम बदलायची म्हणून आणलं होतं.
पांढरीपांडे बाईंनी, ऑटोतून, जुन्या चादरीत गुंडाळून,
आजारी माणसाला आणतात तसं
कडेला हात धरून.

साडेतीन फूट बाय दोन. कॅनव्हास.
कुठल्याशा उष्ण देशातली एक नदी.
काठांना ताड, आणि अशी झाडं
ज्यांची नावं माझ्याजवळ नाहीत.
वेली थेट पाण्यात उतरलेल्या.
आणि सगळ्यावर सोनं:
आकाश, पाणी, बगळ्याची मान,
सगळं मधात बुडवून काढलेलं.

"सासऱ्यांच्या दिवाणखान्यात होतं," बाई म्हणाल्या.
"धंतोलीच्या त्या घरात
एवढी एक संध्याकाळ माझी होती."
मग गप्प. मग,
"काच नका लावू बाप्पा. काचेत माझंच तोंड दिसते."

मे महिना. पारा सेहेचाळीसवर.
गोळीबार चौकातलं दुकान, वर टिना,
कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास.
चित्र टेबलावर आडवं केलं
आणि एका कोपऱ्यात, उगाच,
कापसाचा बोळा थुंकीनं भिजवून फिरवला.
थुंकीच. बाबांचं पाहून.
मागावर तुटलेला धागा जोडताना
ते बोटं आधी जिभेला लावायचे.

बोळा चहाच्या रंगाचा झाला.
कोपऱ्यातलं पाणी निळं.

तिथंच थांबायला हवं होतं.
बाईंना फोन करायला हवा होता.
तीन दिवस लागले. स्पिरिट, टर्पेंटाइन, बोटभर बोटभर.
संध्याकाळ बोळ्यांवर निघून येत होती
आणि मी ती कचऱ्याच्या डब्यात टाकत होतो.
पिवळं पडलेलं वॉर्निश,
वर उदबत्त्या, स्टोव्हचा धूर, सासऱ्यांच्या सिगरेटी.

खाली भर दुपार निघाली.
झाडांच्या सावल्या झाडांच्याच पायाशी गोळा,
पाणी डोळ्यांना टोचणारं,
आणि उजव्या काठाशी,
जिथं इतकी वर्षं नुसता काळोख होता,
एक होडी.
होडीत एक बाई. पाठमोरी, नखाएवढी.
हातात वल्हं नाही.
येतेय का जातेय, कळत नाही.

मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीनं
इंग्रजी अक्षरं, घाईतली:
कामठी. मे.
म्हणजे कुणीतरी इथंच,
कन्हानच्या कोरड्या वाळूकडे पाठ करून
ही भरलेली नदी काढत बसलं होतं.
नदी लांबून आणली, आठवून आठवून.
ऊन मात्र खिडकीतलंच वापरलं.

शनिवारी बाई आल्या.
पाहिलं. पर्समधून चष्मा काढला, परत पाहिलं.
"माझी संध्याकाळ?"
मी म्हटलं, नव्या वॉर्निशमध्ये
थोडा रंग घालून पुन्हा पिवळं करता येते,
चार दिवसांत, ओळखू यायचं नाही.
त्यांचं लक्ष नव्हतं.
"ही आधीपासून होती?"
हाव.
"म्हणजे मी नवी नवरी होती तेव्हाही?"
हाव, बाई.
त्या स्टुलावर बसल्या. पाणी मागितलं.
माठातलं दिलं. अर्धं प्यायल्या,
उरलेलं हातात धरून राहिल्या,
ग्लासाला बाहेरून घाम फुटेपर्यंत.

"सोनं परत लावा," जाताना म्हणाल्या.
"होडीएवढं सोडून."

सांगायला सोपं आहे.
वॉर्निशला कड दिसते.
कड दिसली की चित्रात भोक पडल्यासारखं वाटते,
कड पुसली की रंग होडीत शिरतो.
आज मंगळवार. दोनदा लावलं, दोनदा काढलं.
सूर्य कलला की वारा फिरतो,
नाग नदीचा वास दुकानात येतो,
मी ब्रश धुऊन ठेवतो, दिवा लावतो
आणि पुन्हा तिथंच येऊन अडतो:
त्या बाईच्या किती जवळ
संध्याकाळ आणायची.