क्षेत्राचा अनुभव

एजंट पुण्याची, मृणाल खांबेटे.
फोनवर म्हणाली, सगळं जमतंय तुमचं,
जावा, डेटाबेस, अकरा वर्षं,
एवढा एकच रकाना रिकामा दिसतोय :
या क्षेत्राचा अनुभव.

अम्मा विडीच्या पानांवर पाणी शिंपडत होती.
तिला क्षेत्र म्हणजे सिद्धरामेश्वराचं.
जन्म गेला की तुझा तळ्याकाठी, म्हणाली,
सांग त्यांना तसं.

मी साखर कारखान्याचा वजनकाटा लिहिलाय
(प्रोग्राम, काटा नव्हे),
दूध संघाचं फॅट,
दोन पतसंस्थांची व्याजं. त्यातली एक बुडाली,
माझ्यामुळे नाही.
इन्व्हेस्टमेंट बँक म्हणजे
जिथे पासबुक भरायला रांग लागत नाही,
एवढंच ठाऊक.

मग लिहा ना, 'भांडवली बाजाराशी परिचय'.
परिचय शब्द बरा आहे.
वधू-वर मेळाव्यात असतो तसा,
तिथे कुणी कुणाला ओळखत नसतं.
लिहिलं. खोडलं. परत लिहिलं.
तेवढ्यात नळ आला, चौथ्या दिवशी.
पिंपं भरून वर येतो तर तिचे तीन मिस्ड कॉल.
पाठवून दिलं, परिचयासकट.

मुलाखत रात्री साडेनऊला.
खाली म्याकलांच्या शेडमध्ये आठ माग.
राजेशमला म्हटलं, तासभर बंद ठेव की.
तो म्हणाला, आठ मागांचा एक तास म्हणजे टॉवेल किती?
सांग बे, तू कॉम्प्युटरवाला.
मी सांगितलं.
त्याने चार बंद केले.

स्क्रीनवर तिघं : एक लंडन, एक मुंबई,
एक नुसतंच नाव, कॅमेरा बंद.
इराबत्ती म्हणायला लंडनला तीन खेपा लागल्या.
मग त्या बंद कॅमेऱ्याने विचारलं,
सौदा झाला. ठरल्या दिवशी समोरच्याने माल दिलाच नाही.
पुढे काय?

याला एक इंग्रजी शब्द आहे,
दोन रात्री घोकलेला.
ऐन वेळी तो आलाच नाही.
आलं ते अशोक चौकातलं सुताचं गोडाऊन.
दिवाळीआधीचा महिना. नाना वीस नंबरच्या सुताचा
भाव ठरवून आलेले, नुसत्या शब्दावर.
ठरल्या दिवशी गोडाऊनला कुलूप.
भाव चढला होता आणि शेट तिरुपतीला गेला होता.
टॉवेलची ऑर्डर तर द्यायचीच होती,
नानांनी दुसरीकडून घेतलं, चढ्या भावाने,
आणि मधला फरक शेटच्या नावावर
वहीत मांडून ठेवला.

हे सगळं मी सांगून टाकलं, अडखळत्या इंग्रजीत,
'शेट' तसाच ठेवून.
खाली चार माग चालूच.

मिळाला का तो फरक? कॅमेऱ्याने विचारलं.
नाही, म्हटलं. वही आहे अजून.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
नेट गेलं वाटून मी राऊटरकडे बघितलं.

तीन महिन्यांचं कंत्राट. काम घरूनच.
पहिल्या सकाळी कळलं,
दोन बाजूंचे आकडे जुळले नाहीत
की त्याला ते ब्रेक म्हणतात.
त्या दिवशी चौदाशे होते.
खाली बाण्याचा एक धागा तुटला
तरी माग आपोआप थांबतो.
इथे काहीच थांबत नाही.
मी वहीत लिहून ठेवलं : का नाही थांबत?
हे विचारायचं कुणाला, ते अजून कळलेलं नाही.

अम्मा विड्यांचे कट्टे बांधत होती,
पंचवीस-पंचवीसचे, न मोजता.
काय काम रे तिथं?
लोकांनी एकमेकांना दिलेले शब्द जुळवायचे.
आणि पगार?
पंचेचाळीस दिवसांनी. बँक एजंटला देणार,
एजंट मला.

हातातला दोरा दातांनी तोडून ती म्हणाली,
म्हणजे शेटच की.